परत न आलेली पॉवर

आमच्या लहानशा रेडिओ केंद्राचं मशीन मी बघतो. जामखेडच्या बाजूला माळावर टॉवर, खाली दोन खोल्या, भोवतालची गावं, एवढाच पसारा. बोलणं हे आपलं काम नाही, असं मी कायम सांगत आलोय. त्याचा आडोसा बरा असतो.

दिवाळीच्या सुमारास इकडची माणसं ऊसतोडीला जातात. पोरं आजी-आजोबांकडे राहतात. आमची निवेदिका फडावरच्या आयांचे निरोप फोनवर रेकॉर्ड करून संध्याकाळी लावायची. मी एकदा म्हटलं, "ताई, मोबाईल आहेत की सगळ्यांकडे. रेडिओ कशाला?"

"दादा, फोनवर आई इचारती, जेवलास का. रेडिओवर नाव निघालं की सगळ्या गल्लीला कळतं, ह्या पोराला आई हाय."

पण डोंगराकडच्या गावांतून ऐकल्याचा कुणाचाच फोन येईना. "तिकडं नुसती खरखर हाय. मी जाऊन ऐकलंय," ती म्हणाली. मी तिला मीटर दाखवला. ट्रान्समीटरमधून पॉवर केबलनं वर अँटेनाकडे जाते. अँटेनाशी जुळणी नसेल तर त्यातली काही परत खाली येते, आणि ती किती हे काटा सांगतो. काटा जवळपास शून्यावर होता.

"परत काही येत नाही, म्हणजे सगळी हवेत गेली."

"मग गावात का न्हाई आली? कुठं गेली?"

मला हसू आलं होतं. ते आठवलं की अजून कसंतरी होतं.

केंद्राच्या समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी मला विचारलं, डोंगराकडून फोन का येत नाहीत. "मशीन चोख आहे," एवढंच मी म्हणालो. एक सदस्य लगेच बोलले, "म्हंजे ताईंना ऐकतंच कोन न्हाई! लावा गानी." कार्यक्रम बंद झाला. ती जामखेडला ब्लाऊज शिवायला लागली.

पुढच्या उन्हाळ्यात केबल बदलायला काढली. वरच्या जोडाची टेप फाटलेली, आत पाणी शिरून तांब्याची जाळी हिरवी पडलेली. नवी केबल लावली, मशीन चालू केलं, आणि काटा चक्क वर चढला. चांगल्या केबलनं जास्त परत यावं? मग मी अँटेना तपासला.

अँटेनाची जुळणी आधीपासून बिघडलेली होती. सडकी केबल वर जाणारी पॉवर खात होती, आणि अँटेनानं नाकारलेली खाली येताना तीही खात होती. मीटरपर्यंत पोचायला काही उरतच नव्हतं. हवेत निघायची ती जेमतेम जवळच्या गावांपुरती, बाकीची केबलच्या अंगात मुरून नुसती ऊब झाली होती. परत आलेली पॉवर मशीन जाळते, ही आम्हा लोकांची धास्ती, म्हणून काटा खाली दिसला की आम्ही खूश. खरं तर केबल चांगली असेल तर परत आलेली पॉवर नीट जुळवणी करून पुन्हा वर धाडता येते. केबलनं खाल्लेली मात्र कुणाचीच राहत नाही. मी काटा नेहमी खालच्या टोकाला वाचला. दुसऱ्या टोकाला जाऊन ऐकलं ते तिनं.

मग अँटेनाही दुरुस्त केला. डोंगराकडून फोन यायला लागले. "केबल जुनी झाली होती," असं सांगून मी पाठीवर थाप घेतली. वाक्य खोटं नव्हतं, म्हणूनच ते टोचत राहिलं.

यंदा ऊसतोडीच्या टोळ्या निघायची वेळ आली तेव्हा मी तिच्या दुकानात गेलो आणि सगळं सांगितलं. ती हुक लावत होती, तिचा हात थांबला नाही.

"मी त्या आयांना काय म्हनायचे ठाव हाय? गेला बरं का तुमचा आवाज, पोरानं ऐकला." तिनं दातानं दोरा तोडला. "मला कशाला सांगता, दादा? मला माहीतच हुतं. जिथं बोलला तिथं बोला."

बैठकीत बोललो. अध्यक्ष म्हणाले, झालं गेलं सोडा, कार्यक्रम पुन्हा सुरू करू. तिनं एक अट घातली. आधी ती डोंगराकडच्या गावात रेडिओ घेऊन बसणार, आणि माईकवर मी बोलायचं.

"ऐकू येतंय का?" मी माईकवर म्हणालो.

फोनवर ती होती. "लख्ख. पारावर समदी म्हातारी मानसं बसल्यात. आता बैठकीत सांगितलं ते ह्यांना सांगा."

मी माईक बंद केला. "मशीनचं त्यांना काय कळणार, ताई?"

"मशीनचं ऱ्हाऊ द्या. ह्यांच्या लेकीबाळींचं बोलनं कुठं गेलं, तेवढं सांगा."

माईक पुन्हा चालू केला. "मी इथला मशीनवाला," मी सुरुवात केली. "तुमच्या लेकी-सुना दर संध्याकाळी बोलत होत्या. ते तुमच्यापर्यंत आलं नाही. ताईंनी सांगितलं होतं, मी मानलं नाही. मग कळलं, तरी गप्प बसलो."

फोनवर लांबून एका म्हातारीचा आवाज आला, "आगं, पन माजी लेक बोलली काय व्हती?"

ते मला सांगता आलं नाही. कार्यक्रम बंद झाल्यावर कॉम्प्युटरवर जागा होईना म्हणून ती रेकॉर्डिंगं मीच पुसली होती.