पेरूवालीला काय दिसायचं

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. खरं सांगू, तेव्हा मला ते तोंडातून काढायचंही नव्हतं. देवासला ह्यांच्या कारखान्याच्या फाटकासमोर ती पेरू विकायची. हे तिथले सिक्युरिटी ऑफिसर. फाटकाजवळच्या नव्या कंट्रोल रूमचा नकाशा महिनाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरलेला. मी काही सुचवलं की म्हणायचे, "तुझं स्वयंपाकघर नाही ते!"

एक दिवस हे हसतच घरी आले. "पेरूवालीनं चूक काढली बघ! आताच्या केबिनमध्ये फळ्यावरची किल्ली काढायला गार्ड वळला, की त्याची फाटकाकडे पाठ होते. तेवढ्यात माणसं आत सटकतात." लगेच नकाशात किल्ल्यांचा फळा खिडकीशेजारी आला. मग आठवडाभर तिचंच कौतुक. मी अशी जळले म्हणून सांगू!

शेवटी पेरूंचं निमित्त करून तिला बघायला गेले. पन्नाशीची, पुढचे दोन दात पडलेले. प्रत्येक पेरूचा आधी वास घ्यायची, मगच तराजूत टाकायची. नजर मात्र सारखी फाटकावर.

"साहेबांना तू शिकवलंस म्हणे?" मी टोचलंच.

"मैं कंई सिखाऊँ, बई? साब यां टोपली के पास उकडू बैठे. पूछा, यां से तेरे को कंई दिखे? मैंने बता दिया."

गुडघे दुखतात म्हणून हे घरी पाटावरही बसत नसत, आणि तिथे उकिडवे बसले!

पेरू घेऊन परतले, पण जळणं काही कमी झालं नाही, उलट वाढलंच. वीस वर्षांच्या संसारात मला असं शेजारी बसून ह्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.