टीव्हीवर नात गोरी केली

बायांनो, आज डोकं तापलं म्हणून लिहून राह्यली.

जळगाव जामोदहून पाहुणे माह्या नातीले, रेणुकाले, पाहाले आले होते. तिचा कॉलेजातल्या बक्षिसाचा व्हिडिओ मोठा दिसावा म्हणून माह्या पोरानं, गजाननानं, घरचा कम्प्युटर वायरनं टीव्हीले जोडला. आधी तं तिचं डोकंच कापलं जाये. रिमोट दाबून दाबून चित्र टीव्हीत मावलं एकदाचं.

तं नवरदेवाची माय म्हणे, "पोरगी जराशी सावळी दिसते, नाही?"

गजानन म्हणे, "नाही हो ताई, टीव्हीचा उजेड कमी हाय." अन् लागला उजेड वाढवाले. इतका वाढवला का पोरीचे नाक-डोळे गेले, चुना लावलेल्या भिंतीवानी तोंड उरलं. ती बाई म्हणे, "हां, आता बरी दिसते."

रेणुका चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी. तिच्याकडे कोनी पाहेना, सारे टीव्हीकडे!

किळस आली मले. मी वायरच ओढली. म्हटलं, "पोरगी हे उभी हाय. हाच तिचा रंग. पसंत नसन तं चहा प्या अन् चालू लागा."

चहा न घेताच गेले. गजानन मलेच म्हणे, "माय, सोयरीक मोडली तुनं."

रेणुकानं एक कप उचलून माह्या हातात देल्ला.

पाहुण्यायचं सोडा, ते परके. पन बापाले आपल्याच पोरीचा रंग लपवा वाटला! सांगा बरं, सोयरीक मोडली कोनं, मी का त्यानं?