आधी उतरायला शिकवणाऱ्या सुमतीअक्का

“मैदान वाचवायला आम्ही हातभार लावू. पण तुमच्या अक्का पंचाहत्तरीला आल्या. त्यांच्या मागं सकाळी फाटक कोण उघडणार?”

शाहूपुरीतल्या एका पाइपांच्या व्यापाऱ्यांनी हा प्रश्न यंदाच्या पावसाळ्यात विचारला. अक्कांच्या गौरवग्रंथासाठी लेख लिहायचा म्हणून बसले, तेव्हा सुरुवात कशी करायची ते मनात ठरलेलं होतं. पण हा प्रश्न बाजूला ठेवून पुढे जाता येईना. त्याचं उत्तर मला येत नाही, हे आधीच कबूल करते.

ज्यांनी आमचा माळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. कोल्हापूरच्या कडेला, उसाला लागून, मुलांना घोड्यावर बसायला शिकवणारा एक छोटा क्लब आहे. आदरणीय सुमतीअक्का चौगुले यांनी शाळेतली खेळाच्या शिक्षिकेची नोकरी संपल्यावर तो सुरू केला. टांगे बंद पडले, त्यांतून सुटलेली दोन घोडी हीच त्यांची सुरुवातीची मिळकत. जागा एका शेतकऱ्यांनी नुसत्या शब्दावर दिली होती. ते आता नाहीत. त्यांच्या वारसांना आपापला हिस्सा हवा आहे, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. दिवाळी पाडव्यापर्यंत आम्ही पैसे उभे केले तर माळ आमचा, नाहीतर तिथे प्लॉट पडणार. म्हणून सध्या आम्ही सगळे दारोदार फिरतो आहोत. हा लेखही मी दोन घरांच्या मधल्या वेळात, मिळेल तिथे बसून लिहिते आहे. तो थोडा विस्कळीत झाला तर सांभाळून घ्यावं.

अक्कांची माझी पहिली भेट वैरणीच्या भाऱ्यामुळे झाली. माझी आई क्लबच्या घोड्यांना वैरण घालायची. चौथीच्या सुट्टीत मी तिच्याबरोबर गेले. भारा टाकून आई निघाली, मी मात्र कुंपण धरून उभीच राहिले. अक्का घोडीला खरारा करत होत्या. मागे न बघताच म्हणाल्या, “बघायलीस काय? ये की आत.”

आई घाईने म्हणाली, “नको अक्का. फी आमच्याच्यानं व्हायची न्हाय.”

“फी कुणी मागितली? रोज वैरण घालतीस की. हिला आधी उतरायला शिकवतो. मग बघू.”

आमच्या भागातल्या बऱ्याच बायकांप्रमाणे अक्का ‘मी येतो, मी सांगतो’ असंच बोलतात. कॉलेजात गेल्यावर मी ‘येते, सांगते’ म्हणायला लागले, पण माळावर पाऊल टाकलं की जीभ आपोआप जुन्या वळणावर जाते.

आधी उतरायला शिकवायचं, ही अक्कांची पद्धत. माळावर एक पत्र्याचं पिंप आडवं बसवलेलं आहे, त्यावर जुनं खोगीर बांधलेलं. नवीन मूल आठवडाभर त्या पिंपावर बसतं आणि फक्त उतरतं. दोन्ही पाय रिकिबीतून सोडायचे, पुढे वाकायचं, पाय मागून फिरवायचा, गुडघे सैल ठेवून जमिनीवर यायचं. काही पालक कुरकुरतात. एका वडिलांनी तर तोंडावर सांगितलं, “अहो बाई, फी घोड्याची भरलीया. पोरगं पिंपावर बसायला घरातबी बसलं असतं.”

“बसवा की घरात,” अक्का म्हणाल्या. “पर घोडं बुजलं की बसलेलं कामाला येत न्हाय. उतरलेलं येतंय.”

ते मूल पुढे माळावरच्या चांगल्या स्वारांपैकी एक झालं. वडील अजून पिंपावरून अक्कांची थट्टा करतात आणि अक्काही त्यांना सोडत नाहीत.

अक्कांचे उपकार मी कुठल्या शब्दांत सांगू? माझ्या घरात पदवीपर्यंत कुणी पोचलं नव्हतं. मी दुसऱ्या वर्षाला असताना चांगलं स्थळ आलं आणि वडिलांचं मन तिकडे वळलं. मी अक्कांना काही सांगितलं नव्हतं, आईने सांगितलं असावं. संध्याकाळी अक्का घरी आल्या, चहा घेतला, पावसापाण्याचं बोलल्या. मग वडिलांना म्हणाल्या, “अर्ध्या उडीत लगाम वढला तर घोडंबी पडतंय आन् वरचंबी.”

वडील हसले. “अक्का, आमची पोरगी काय घोडं हाय व्हय?”

“न्हाय. पर लगाम तुझ्या हातात हाय, म्हणून तुला सांगतो.”

बोलणं तिथेच संपलं. स्थळाचा विषय पुन्हा निघाला नाही. मी विज्ञानाची पदवी घेतली आणि आज कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, एका कारखान्यात सुटे भाग तपासायचं काम करते. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन माळावर गेले तर अक्कांनी पहिला पेढा चिमणीला घातला. चिमणी ही आमची सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत म्हातारी घोडी. तिचं नाव असं का ठेवलं ते अक्का सांगत नाहीत.

आता माळाच्या निधीबद्दल. लग्नाच्या वरातींना घोडे भाड्याने दिले तर बरीच मदत होईल, असं आमच्यातल्या काहींनी सुचवलं. अक्का म्हणाल्या, “चिमणी डीजेपुढं नाचायची न्हाय. माळ गेला तरी चालंल.” एवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं होतं. त्यांनी आणखी एक अट घातली. ज्याला मदत करायची आहे त्याने आधी सकाळी माळावर यायचं, मुलं बघायची, घोड्यावर बसायचं, मग काय द्यायचं ते द्यायचं. आम्ही तरुण मंडळी हवालदिल झालो. घरबसल्या देणाऱ्या माणसाला शहराबाहेर बोलवायचं आणि वर घोड्यावर चढवायचं?

“न बघता दिलेलं नको,” अक्का म्हणाल्या. “उद्या त्यो इचारंल, कशापायी दिलं हुतं मी? तवा काय सांगू त्याला?”

त्या अटीमुळे किती दारं बंद झाली या विचाराने मला अजून चैन पडत नाही. तरीही अक्का चुकल्या असं म्हणायला मन धजत नाही.

एका रविवारी शाहूपुरीचे ते व्यापारी येणार होते. अक्कांनी मुलांना बजावलं, “पावणं येणार हायत. नीट बोला, पाणी द्या.” आमच्याकडे अनोळखी माणूस म्हटला की तो पावणाच. सकाळी पांढरी गाडी आली, पांढऱ्या कपड्यांतले एक गृहस्थ उतरले आणि मुलांनी त्यांना घेरलं. “या पावणं, बसा पावणं.” पाणी दिलं, डोक्यावर हेल्मेट चढवलं.

“अरे बाळांनो, मी नुसता जागा बघायला आलोय.”

“सगळी बघायलाच येत्यात काका,” एक मुलगी म्हणाली. “अक्का बसवल्याबिगर सोडत न्हाईत.”

मी खोगिरांच्या शेडमधून बाहेर आले तेव्हा ते चिमणीवर बसलेले आणि अक्का दोर धरून पुढे चाललेल्या. मी धावत जाऊन अक्कांच्या कानाशी लागले. “अक्का, हे ते नव्हेत. हे प्लॉट पाडणारे.”

“ठावं हाय. गाडीतनं उतरल्याबरोबर वळखलं.”

“मग?”

“मग काय? पावणं ते पावणंच की. च्या ठेव जा.”

फेरी पूर्ण झाली आणि खरी अडचण पुढे आली. गडबडीत मुलांनी त्यांना पिंपावर बसवलंच नव्हतं. चढले होते, आता उतरता येईना. “अहो, आता खाली कसं यायचं?” ते विचारत होते आणि मुलं चहूबाजूंनी शिकवत होती. “काका, पाय सोडा. काका, वाका. काका, ती मान सोडा, तिला गुदगुल्या हुत्यात.” शेवटी अक्कांनी खांदा दिला आणि त्यांचं सगळं वजन अंगावर घेऊन त्यांना खाली उतरवलं.

त्यांनी कपडे झटकले. “जागा झकास हाय अक्का. म्हणून तर मला पायजे.”

“मलाबी म्हणूनच पायजे,” अक्का म्हणाल्या. “च्या घेऊन जावा.”

ते चहा घेऊन, मुलांना हात करून गेले. त्यांचा विचार बदललेला नाही. पाडव्याची वाट आमच्याइतकीच तेही बघत आहेत.

खरे पाहुणे एव्हाना फाटकात येऊन हसत उभे होते. मग त्यांनी अक्कांकडे पाहिलं. अक्कांचा हात कमरेवर घट्ट दाबलेला होता आणि चेहरा ओढलेला. व्यापाऱ्यांचं हसू थांबलं. तेव्हा त्यांनी तो प्रश्न विचारला. कुणालाही उलट उत्तर देणाऱ्या अक्का चिमणीला पाणी दाखवायला निघून गेल्या.

मी त्या दिवसापासून अस्वस्थ आहे. अक्कांचे विद्यार्थी पुण्यात आहेत, परदेशात आहेत, सगळे माळासाठी धडपडतात. पण मैदान पैशांनी राहील, वर्ग कशाने राहील? त्यात अक्का दुसऱ्याच्या हाती काही देत नाहीत. मागच्या हिवाळ्यात त्यांना ताप होता, म्हणून वर्ग मी सुरू केला. थोड्या वेळात शाल गुंडाळून त्या आल्या आणि माझ्या हातातली शिट्टी काढून घेतली. गौरवलेखात असं लिहावं की नाही, मला कळत नाही. पण अक्कांनी मला खोटं गोड बोलायला शिकवलेलं नाही.

गेल्या आठवड्यात मी कारखान्यातल्या साहेबांना भेटून दुपारी सुरू होणारी दुसरी पाळी कायमची मागून घेतली. वडील एवढंच म्हणाले, “रातच्याला कंपनीची गाडी दारापर्यंत सोडती न्हवं?” सोडते, म्हटलं.

सोमवारी अक्का नेहमीच्या वेळेला आल्या. फाटक उघडं होतं, शेण काढलेलं होतं, मुलं रांगेत होती. त्या फाटकातच थांबल्या.

“मला उतरवायलीस व्हय गं?”

“तुम्हीच शिकवलंय की अक्का, आधी उतरायला.”

त्यांनी आत येऊन चिमणीच्या मानेवर थाप मारली. मग म्हणाल्या, “बरं. खुर्ची आण. पर शिट्टी माझ्याकडंच ऱ्हाईल.”

अक्का, ती शिट्टी तुमच्याकडेच राहू दे. तुमची कंबर बरी होवो, आणि त्या खुर्चीत बसून तुम्ही आमच्या चुका खूप खूप वर्षं मोजत राहा, एवढंच आम्हा सगळ्यांचं मागणं आहे. पाडव्याला माळाचं काय होईल ते मला ठाऊक नाही. व्यापारी काकांना उत्तर म्हणून काय सांगावं तेही अजून सुचलेलं नाही. त्यांना फक्त निरोप धाडला आहे की कुठल्याही सकाळी या, फाटक मी उघडतो.

त्या सोमवारी मी खुर्ची आणून कडुलिंबाखाली ठेवली, माझ्या हातातली शिट्टी अक्कांना दिली आणि पहिल्या मुलीला पिंपावर बसवून उतरायला सांगितलं.