मेथीचा डबा

वॉर्डामागच्या खोलीत आज मेथीच्या भाजीचा वास आला. त्यात हात धुवायच्या औषधी साबणाचा वास मिसळला होता. तेवढ्यानेच मी नाशिकच्या नर्सिंग कॉलेजच्या पहिल्या वर्षात जाऊन पोहोचले.

त्या सकाळी मी पहिल्यांदाच सडलेल्या पायाची जखम धुतली होती. दुपारी डबा उघडला, मेथी पाहिली आणि पुन्हा झाकण लावलं. कोपरापर्यंत कितीदा तरी हात धुतले, तरी बोटांना त्या जखमेचाच वास. वाटलं, सरळ पिंपळगावची बस धरावी आणि घरी जाऊन द्राक्षांच्या पेट्या भराव्यात.

शेजारी माझी मैत्रीण शबाना बसली होती, मालेगावची. म्हणाली, "वास हाताला नाय, तुझ्या डोक्यात बसलाय. संध्याकाळी परत ड्रेसिंग आहे. उपाशी गेलीस तर तिथंच चक्कर येऊन पडशील. खा गुपचूप."

मला तिचा रागच आला. त्या रागातच घास तोडला, श्वास रोखला आणि गिळला. मग दुसरा. डबा संपवूनच उठले आणि संध्याकाळी तोच पाय पुन्हा धुतला.

तेव्हा वाटलं, मी एकटीने जिंकलं. आता आठवतं, मी पहिला घास गिळेपर्यंत शबानाचाही डबा बंदच होता. सकाळी तो पाय तिनेच तर धरला होता.

आज मी या वॉर्डची इन्चार्ज आहे. समोरची पहिल्या वर्षाची मुलगी मेथीच्या डब्याला झाकण लावतेय. मी तिच्या शेजारी जाऊन बसते.

"काढ ते झाकण. मीपण जेवायची थांबलेय."