कूलरवरचा काळा रंग

नगरला पोस्टिंग मिळालं तेव्हा घरी पेढे वाटले. मी तिसगावचा. सगळी नोकरी सीमेवर काढली, आणि शेवटची वर्षं घरापासून एसटीच्या अंतरावर. मी फौजेत हवालदार, गाड्यांचा मेकॅनिक. बायकोला वाटलं, आता हा सुटला. मलाही तसंच वाटलं होतं.

आमच्याकडे अवजड ट्रक होते. अशा ट्रकच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढं, एक जाळीदार पेटी असते. टर्बोनं दाबलेली हवा तापते, ती इंजिनात जाण्याआधी या पेटीत थंड होते. आम्ही तिला नुसतं कूलर म्हणायचो. घरच्या कूलरशी तिचा काही संबंध नाही. हिला आत पाणी अजिबात सोसत नाही. आत धरलेलं दव निथळून जावं म्हणून बुडाला एक बारीक भोक असतं. फायरिंग रेंजवरची धूळ बाहेरून पात्यांत बसते. ती मऊ ब्रशनं, हलक्या पाण्यानं काढायची, आणि पेटी उन्हात पूर्ण वाळवूनच परत बसवायची. त्यात शौर्य वगैरे काही नाही.

माझ्या ट्रकचा ड्रायव्हर नाईक संपत, राजूरच्या वरच्या डोंगरातला. गाडीच्या बाबतीत माझ्याहून चिकट. कूलर वाळला की नाही हे तो गाल लावून बघायचा. मी चिडवायचो, "बायकोला तरी इतकं जवळ घेतोस का?"

"ती रुसली तर बोलती तरी," तो म्हणायचा. "ही मधीच बंद पडती."

ऐन पावसाळ्यात मोठ्या साहेबांचं इन्स्पेक्शन लागलं. इन्स्पेक्शन म्हणजे टायरला काळं, नटांना लाल आणि दिसेल त्या लोखंडाला रंग. कूलर धुतले होते, पण ऊन नव्हतं. ओलेच बसवावे लागले, आतही थोडं पाणी राहिलं. त्यात हुकूम आला: जाळ्या मळकट दिसतात, काळ्या करा.

मी सुभेदार साहेबांकडे गेलो. "साहेब, पाती बुजतील. बुडाचं भोक बुजेल. पाणी आतच राहील."

"मला काय कळत न्हाई व्हय?" ते म्हणाले. ते स्वतः जुने मेकॅनिक. "वरून आलंय. इन्स्पेक्शन झालं की दुसऱ्या दिवशी खरवडून काढ."

तो दुसरा दिवस मिळालाच नाही. इन्स्पेक्शन छान झालं, गाड्यांचं कौतुक झालं. चहा चालू असतानाच फोन आला. राजूरच्या वर एका वाडीवर डोंगर घसरला होता, माणसं खाली गाडली गेली होती. जनरेटर, कटर, जॅक असं सगळं जड सामान आमच्या ट्रकवर चढलं. पुढचं लोखंडी गार्ड काढून भोक मोकळं करायला मी थोडा वेळ मागितला. "मूव्ह" एवढंच उत्तर आलं.

गेट ओलांडलं. संपत म्हणाला, "हवालदार साहेब, त्या वाडीवर बहीन दिलीय माझी."

सपाटीवर ट्रक पळाला. घाट लागला तसा धापा टाकू लागला. पाती रंगानं बुजलेली, हवा थंड होईना, मागं काळा धूर. संपतनं खालचा गिअर टाकून जोर दिला, आणि कूलरच्या बुडाशी साठलेलं पाणी एकदम इंजिनात ओढलं गेलं. ठण्ण आवाज झाला आणि इंजिन बंद पडलं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. ते रस्त्यात दुरुस्त होत नाही.

जवानांना घेऊन पुढं गेलेल्या गाडीतून रेडिओ आला; रेडिओवर आमचा ट्रक म्हणजे 'टू'. "टू, पोझिशन बताओ. ओव्हर."

"टू ब्रेकडाउन. सामान नहीं पहुँचेगा. ओव्हर."

संपतनं फावडं उचललं. "मी पायवाटंनं जातो."

"थांब. दुसरी गाडी मागवलीय."

"कवा येईल ती?"

मला सामान सोडता येत नव्हतं. तो पावसात दिसेनासा झाला.

पुढचं मला तिथल्या जवानांनी सांगितलं. बहिणीचा आवाज येत होता. तिच्या अंगावर घराची तुळई होती. ती उचलायचा जॅक माझ्या ट्रकमध्ये होता. संपतनं हातांनी चिखल उपसला. वरून माती सुटतेय, मागं ये, असं सगळे ओरडत होते. तो आला नाही. उरलेली दरड दोघांवर कोसळली.

चौकशीत लिहिलं गेलं की पावसाचं पाणी गेल्यानं इंजिन बिघडलं. मी रंगाचं सगळं सांगितलं, लिहून दिलं, नको तितका भांडलो. पुढच्या इन्स्पेक्शनला काळ्या रंगाचे डबे पुन्हा आले. त्या दिवशी मला कळलं की यातून काही होणार नाही. अजूनही तसंच वाटतं.

आता निवृत्त होऊन मी नगरलाच, सावेडीत राहतो. युनिटच्या गेटजवळ एका दगडावर संपतचं नाव कोरलंय. दर पावसाळ्यात मी तिथं जातो. परवा गेलो तेव्हा अक्षरं काळीभोर, लखलखीत होती. नेहमीसारखा त्याच्या नावावर हात ठेवायला गेलो, तर पहाऱ्यावरचा जवान धावत आला.

"हात नका लावू साहेब, रंग वला हाय. उद्या इन्स्पेक्शन हाय."