मेंटोनला नेलेला नारळ

बाबांनी आयुष्यभर पत्रकं लिहिली. त्यांत समुद्रकाठच्या एकाच गावाचा उल्लेख आहे, आणि ते गाव त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. फ्रान्स संपून इटली सुरू होते तिथे, भूमध्य समुद्राच्या काठी. आता नकाशावर त्याचं नाव फ्रेंच पद्धतीने लिहितात. बाबांच्या तोंडी ते मेंटोन होतं आणि आमच्या घरात तेच राहिलं.

बाबा इचलकरंजीजवळच्या एका सूतगिरणीत कार्डिंग खात्यात होते. गाठी सोडवून कापूस पिंजायचा ते खातं. तिथली हवाच पांढरी असते. ते पाळीवरून आले की त्यांच्या भुवयांवर कापूस असायचा आणि आई दारातच ओल्या फडक्याने तो पुसायची. युनियनची पत्रकं तेच लिहायचे. छापून उरलेल्या गठ्ठ्यांवर आम्ही जेवायला बसायचो, त्यांचीच माझ्या वह्यांना कव्हरं असायची. मी वाचायला शिकले ती त्या गुलाबी कागदांवर. छापलेलं ते खरं, आणि खरं ते मोठ्याने सांगायचं, ही माझी बाराखडी. अजूनही मला हळू आवाजात खरं बोलता येत नाही.

त्यांचं एक भाषण मला तोंडपाठ होतं. "मेंटोन नावाचं गाव आहे. युरोपातले राजेरजवाडे छातीचा आजार घेऊन तिथं हिवाळ्यात येतात. गॅलरीत बसून समुद्राची हवा खातात, आणि बरे होऊन जातात! आणि आमचा कामगार? तोच खोकला घेऊन पहिल्या पाळीला जातो!" इथे टाळ्या पडायच्या. मी पुढच्या सतरंजीवर बसून सगळ्यांच्या आधी टाळ्या पिटायचे. आई मागे बायकांत उभी असायची. तिने टाळ्या वाजवलेल्या मला आठवत नाहीत. तिने त्या भाषणातले तीनच शब्द घरी नेले होते. बरे होऊन जातात.

पुढे बाबांनाच धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, धुळीतून बाहेर काढा, समुद्राकडे नेलंत तर बरं. आईचं माहेर वेंगुर्ल्याचं. मामाच्या परसातून समुद्र दिसतो. तिने ट्रंक भरली. त्याच आठवड्यात संप सुरू झाला होता.

"गेटवर माणसं बसलीत आणि मी वेंगुर्ल्याला हवा खायला जाऊ?" बाबा म्हणाले.

ट्रंक पुन्हा रिकामी झाली. संप संपला. नंतर बाबाही गेले.

तेव्हापासून आईचं एक वाक्य घरात होतं. "माझं ऐकलं असतं तर आज असते." मी दहावीला पहिली आले तेव्हा ती हे म्हणाली. नोकरी लागली तेव्हा म्हणाली. मी अमेरिकेला निघाले तर विमानतळावर माझ्या गालावरून हात फिरवून, माझ्याकडे न बघता, हेच म्हणाली. मी चिडायचे. कॉलेजात असताना मी गिरणीच्या धुळीवर एक पुस्तिका लिहिली होती, आमच्या गटाने ती गेटवर वाटली होती. फुप्फुसात वर्षानुवर्षं बसलेला कापूस हवापालटाने जात नाही, हे मी तिला त्या पुस्तिकेतून वाचून दाखवलं.

"तू त्यांचीच," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

मी नेपरव्हिलला राहत होते. सकाळच्या गाडीने शिकागोला जायचं, दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, संध्याकाळच्या गाडीने परत. आई पहिल्यांदा आली ती ऐन हिवाळ्यात. खिडकीशी बसून ती बर्फाकडे बघायची आणि म्हणायची, "कार्डिंग खातं गं नुसतं." दोनेक आठवड्यांनी तिने विचारलं, "ते मेंटोन इथून लांब आहे का?"

मी तिला भाषण दिलं. ती हॉटेलं कुणाच्या घामावर उभी राहिली, ते सरदार कुणाच्या साऱ्यावर जगत होते, असल्या गावात चैन करायला जाणं म्हणजे बाबांच्या तोंडावर थुंकणं आहे वगैरे. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"बरं," ती म्हणाली. "पण लांब आहे का?"

तिला मी नेलं नाही.

दुसऱ्यांदा ती आली २००७ साली, ऑक्टोबरमध्ये. बॅगा उघडल्यावर चिवड्याच्या आधी तिने पासपोर्ट काढून माझ्यासमोर धरला. त्यात फ्रान्सचा व्हिसा होता. मामाच्या मुलाला घेऊन, मुंबईला जाऊन, माझ्या नकळत तिने तो मिळवला होता.

"परत जाताना वाटेत उतरणार," ती म्हणाली. "तुझ्या तत्त्वात बसत नसेल तर मी एकटी उतरते."

एका रविवारी आमच्याकडे नेहमीची चार मंडळी जेवायला होती. पुण्याचा एक मित्र, माझ्याच टीममधला, तिसऱ्यांदा मसालेभात घेत म्हणाला, "काकू, बीचच बघायचा ना? फ्लोरिडा करा यार! लाँग वीकेंडला होऊन जाईल."

"मला पोहायचं नाहीये रे."

"मग काय करणार तिथे?"

"बसणार."

त्याच्या मुलीने मान वर केली. "आजी, इज देअर डिस्ने देअर?"

"आहे ना," आई म्हणाली. "तुझ्या मावशीचे सगळे राजेरजवाडे तिथेच आहेत."

सगळे हसले. मीसुद्धा. मंडळी गेल्यावर भांडी पुसता पुसता मी तिला विचारलं, "खरंच काय बघायचंय तुला तिथे?"

"ती हवा. जिनं माणसं बरी होतात ती." ती फडकं पिळत होती. "माझं खरं होतं, एवढं एकदा डोळ्यांनी बघायचंय. मग बघते त्यांच्याकडे."

बाबांना जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. ती असं बोलली जणू ते बाहेरच्या खोलीत पत्रक लिहीत बसले आहेत.

निघायच्या आदल्या दिवशी ती देशी ग्रोसरीच्या दुकानातून एक नारळ घेऊन आली आणि साडीत गुंडाळून बॅगेत ठेवायला लागली. मी भडकले. आमच्या घरात देव्हारा नव्हता. बाबांच्या इच्छेप्रमाणे त्यांचं दहावं-तेरावंही केलं नव्हतं.

"बाबा असते तर काय म्हणाले असते?"

"ते असते तर नारळ कशाला लागला असता?" तिने चेन ओढली. "समुद्राकडे रिकाम्या हाताने जात नाहीत. वेंगुर्ल्यात लहान पोरालासुद्धा कळतं."

मी रजा काढून तिच्याबरोबर गेले. विमानाने नीसला उतरून लहानशा गाडीने किनाऱ्याकिनाऱ्याने मेंटोनला पोचलो. डिसेंबर होता आणि ऊन होतं. रस्त्याकडेला लिंबांची झाडं पिवळी झाली होती. बाबांच्या भाषणातली हॉटेलं खरोखर होती. केवढी तरी, मलई रंगाची, लोखंडी नक्षीच्या गॅलऱ्यांची. आता ती हॉटेलं राहिली नव्हती, त्यांचे फ्लॅट झाले होते आणि बहुतेक खिडक्या बंद होत्या. समुद्रासमोरच्या बाकांवर कोट घातलेली म्हातारी माणसं डोळे मिटून उन्हात बसली होती. सगळी एकाच दिशेला तोंड करून.

आई माझं फुगीर जाकीट साडीवर घालून, पायमोज्यांवर चपला घालून चालत होती. मध्येच थांबून ती छाती भरून श्वास घेई आणि माझ्याकडे बघे. हवा चांगलीच होती. लिंबाचा आणि मिठाचा वास होता. मला राग येत होता की ती इतकी चांगली होती.

"बघ," आई म्हणाली. "मी काय म्हणत होते?"

वर टेकडीवर जुन्या गावाच्या डोक्याशी काहीतरी पांढरं दिसत होतं. तिला आधी उंचावरून समुद्र बघायचा होता, मग खाली येऊन नारळ द्यायचा होता. पिवळ्या-गुलाबी घरांमधून, वाळत घातलेल्या कपड्यांखालून आम्ही पायऱ्या चढत गेलो. ती दम खात, मी नारळाची पिशवी घेऊन. वर पोचलो तर ते पांढरं म्हणजे दफनभूमी होती. टेकडी पायरीपायरीने कापून तिच्यावर थडगी. प्रत्येकाचं तोंड समुद्राकडे. इतकी सुंदर जागा मी आजवर पाहिलेली नाही.

"कुणाची गं ही?"

मी वाचायला लागले. छापलेलं, कोरलेलं काही दिसलं की मी वाचते, ती सवय जात नाही. रशियन मला येत नव्हतं, जर्मन येत नव्हतं, पण आकडे येत होते. इंग्रजी दगड पुष्कळ होते. कोणी स्कॉटलंडहून आलेला, कोणी लंडनहून. जन्म, मृत्यू, आणि मध्ये फार थोडी वर्षं. एका दगडावर इंग्रजीत गावाचं नाव होतं, बाबा म्हणायचे तसंच, मेंटोन. गावात कुठल्याही पाटीवर ते तसं दिसलं नव्हतं. या दगडांवर मात्र होतं. मेंटोन येथे मरण पावला.

"किती वर्षांचा?" आईने विचारलं.

"चोवीस."

"आणि ही?"

"एकोणीस."

"तो तिकडचा?"

"तिशीतला असेल."

"काय झालं होतं यांना?"

इथे मी थांबायला हवं होतं का, ते मला अजून कळलेलं नाही. पण मी गुलाबी कागदांवर वाचायला शिकलेली मुलगी. मी तिला सगळं सांगितलं. ही छातीच्या आजाराची माणसं होती. श्रीमंत होती. डॉक्टरांनी त्यांना हवेसाठी इथे पाठवलं, नोकरचाकर घेऊन ती आली, त्या गॅलऱ्यांत बसली आणि मेली. पुष्कळ मेली. म्हणून तर एवढी टेकडी भरली.

"पण तुझे बाबा म्हणायचे, बरे होऊन जातात."

"ते भाषण होतं, आई."

"छापलं होतं त्यांनी."

पत्रकात बाबांना एक बाजू काळी आणि एक पांढरी हवी होती. श्रीमंत बरे होतात, गरीब मरतात. हे श्रीमंतही मेले होते हे त्यांना ठाऊक नसेल, किंवा असेलही आणि वाक्यात बसलं नसेल. मीही अशी वाक्यं लिहिली आहेत. टाळ्या त्यांनाच पडतात. तिथे उभी असताना मला पहिल्यांदा त्या वाक्याचा राग आला, आणि तो बाबांवर काढायला बाबा नव्हते.

आई एका थडग्यापाशी बसली होती. इंग्रज माणसाचं होतं, दगड त्याच्या बायकोने बसवलेला. मी तिला तेवढं वाचून सांगितलं.

"म्हणजे हिनं आणलं होतं त्याला."

"हो."

"वेळेवर आणलं होतं?"

"असेल. दोन हिवाळे राहिले होते, असं लिहिलंय."

"त्यानं ऐकलं होतं हिचं."

"हो, आई."

"आणि तरी."

तिने समुद्राकडे पाहिलं. खाली पाणी इतकं निळं होतं की खोटं वाटावं. मग तिने माझ्या हातातली पिशवी घेतली, नारळ काढला, पदराने पुसला आणि त्या दगडाच्या पायाशी ठेवला. तो कलंडायला लागला तसा दोन्ही बाजूंनी खडे लावून तिने नीट बसवला. शेंडी वर करून.

"अगं, समुद्रासाठी आणला होतास ना?"

"समुद्राला कशाला?" ती म्हणाली. "त्यानं काय केलंय?"

मी तिला हात देऊन उठवलं. पायऱ्या उतरताना ती एकदाच बोलली. "इतकी वर्षं मी त्यांच्यावर रागावले होते. आता काय करू गं मी?"

मी कधी कुणाच्या प्रश्नाला गप्प बसलेली नाही. तेव्हा बसले. खाली किनाऱ्यावर वाळू नव्हती, गोटे होते. तिने चपला, पायमोजे काढून पाणी पायावर घेतलं आणि रिकामे हात जोडले. दुसऱ्या दिवशी नीसच्या विमानतळावरून ती मुंबईकडे गेली आणि मी शिकागोकडे. निघताना तिने माझ्या गालावरून हात फिरवला. ते वाक्य ती म्हणाली नाही.

नंतर कधीच म्हणाली नाही. दर शनिवारी सकाळी मी नेपरव्हिलहून फोन करायचे, तिच्याकडे संध्याकाळ असायची. ती पाण्याच्या पाळीबद्दल बोले, मामाच्या गुडघ्यांबद्दल बोले, शेजारच्या लग्नाबद्दल बोले. बाबांचं नाव तिने कधी घेतलंच नव्हतं, जुन्या चालीप्रमाणे. पण त्या तक्रारीत ते रोज घरात यायचे, जेवायचे, तिचं न ऐकता निघून जायचे. आता ते येत नव्हते. लहानपणी मी बाबांना गेलेलं पाहिलं होतं. ते तिच्या घरातून जात आहेत हे मी अमेरिकेत बसून फोनवर ऐकत होते.

मार्चमध्ये एकदा बाहेर पुन्हा बर्फ पडत होता. फोनवर बोलणं संपत आलं होतं. मी खिडकीशी उभी होते आणि मला न राहवून मी म्हणाले, "आई, बाबांनी तुझं ऐकलं असतं ना, तर आज असते."

आयुष्यात मी जाणूनबुजून खोटं फार थोड्या वेळा बोलले आहे. हे जितक्या मनापासून बोलले तितकं दुसरं कुठलंच नाही.

पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली, मग गॅस बंद केल्याचा आवाज.

"नसते गं," ती म्हणाली. "तू जेवलीस का?"