मनिरामच्या घरची कुजबूज

कोहमाऱ्याच्या नाक्यावर मनिरामचा ढाबा आहे. मनिराम बोलायला लागला की हायवेवरचा ट्रकवाला आपल्यालाच हाक मारली समजून गाडी हळू करतो, असं लोक म्हणतात. चाळिशी ओलांडली की या घराण्यात कान जातात. कारण मात्र ज्याचं त्याचं वेगळं. मनिरामच्या बापाचे कान म्हणे मळणीयंत्रानं खाल्ले. मोठी बहीण मंदाबाई नवऱ्याच्या घोरण्याला बोल लावायची. नवरा गेला, तरी कान काही परत आले नाहीत. मनिरामचे कान ट्रकच्या भोंग्यांनी नेले. हा घराण्याचा रोग आहे म्हणणाऱ्याशी तो भांडायलाच उठायचा.

त्याची मुलगी रेणू नर्सिंग शिकलेली. तिला हे पटेना. तिनं बापाला नागपूरच्या कानाच्या डॉक्टरांकडे नेलं आणि दोघांचं रक्त तपासून घेतलं. डॉक्टर म्हणाले, दोष जनुकातच आहे. आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो, दर लेकराला निम्मी शक्यता. मनिरामचा तो रेणूकडे आला होता. पुढंमागं तिचेही कान जाणार होते, पण वेळेवर मशीन लावलं तर काही अडणार नव्हतं. रेणूनं मान डोलावली. मनिराम परतीच्या बसमध्ये एक शब्द बोलला नाही, आणि सगळी बस सुखानं झोपली.

नेमकी तेव्हाच रेणूची सोयरीक जमत होती. नवेगाव बांधचे योगराजभाऊ, घरची धानाची शेती असलेले, मुलाला घेऊन बघायला येणार होते. कानाचं आधीच सांगून टाकू, असं रेणूचं म्हणणं. मनिरामनं बजावलं, लग्न लागेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. आपल्या रक्तापायी पोरीचं लग्न मोडलं असतं, तर तो जन्मभर स्वतःला माफ करू शकला नसता.

पाहुणे आले, ढाब्याला लागूनच असलेल्या घराच्या छपरीत बसले. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात मनिरामनं बहिणीला कोपऱ्यात घेतलं आणि, त्याच्या मते, तिच्या कानात कुजबुजला.

"बाई, कानाचं पाहुण्यायपुढं काढू नोको. रेणूले माह्याच रक्तातून आला तो रोग. मीनंच देलो पोरीले. समजलं तर सोयरीक मोडन."

"मी कायले सांगू?" मंदाबाईही तितक्याच गुपचूप म्हणाली.

छपरीत चहाचे कप हातातच राहिले. रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्यानं मान वर केली. रेणूनं डोळे मिटून घेतले. योगराजभाऊंनी मुलाकडे पाहिलं. मुलगा बराच वेळ रेणूकडे बघत होता, मग बापाकडे वळून हळूच काहीतरी बोलला.

मनिराम बाहेर आला तेव्हा योगराजभाऊंनी त्याचा हात धरून मोठ्यानं सांगितलं, पोरगी पसंत आहे, तारीख काढा. पेढे आले. मनिरामनं पेढा उचलला आणि तसाच परत ठेवला. इतका भला माणूस, आणि आपण त्याला फसवतो आहोत, हे त्याला सोसवेना. शेवटी तो हात जोडून उभा राहिला आणि सगळं सांगून मोकळा झाला: बापाचं, बहिणीचं, स्वतःचं, डॉक्टरांनी सांगितलेली निम्मी शक्यता, आणि ट्रकचे भोंगे साफ खोटे.

पंक्चरवाला हसायला लागला, तसे योगराजभाऊंनी त्याच्यावर डोळे वटारले. मनिरामचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बरं झालं सांगतलं, भाऊ," ते म्हणाले. "नाही तं आमाले कसं मालूम पडलं असतं?"